स्टुडिओतला खून, आणि साक्ष कुणाची?

 

आजचा विषय वरवर हलका वाटेल. टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह सिनेमाच्या स्टुडिओत तपासाला जातो, तेव्हा नेमकं काय होतं? खून सेटवर झालेला असतो, संशयित सगळे नटनट्या असतात, आणि तपास करणाऱ्याच्या आजूबाजूला सगळीकडे खोट्या भिंती उभ्या असतात. अशा गोष्टी जगभरच्या टीव्हीवर झाल्या, आपल्याकडेही झाल्या. त्यांतल्या काही आपण आज नीट बघू. एक सूचना आधीच देतो. खुनी कोण हे आम्ही सांगून टाकणार आहोत. ज्यांना ते नको असेल त्यांनी कानांत बोटं घालावीत. (हशा)

आधी एक माप ठरवून घेऊ. आपण कळंबोलीत बोलतोय, म्हणून माप इथलंच घेतो. आपल्या लोखंड बाजारात गाडी माल भरायला आली की आधी रिकामी गाडी वजनकाट्यावर चढते. मग माल भरतात, आणि गाडी पुन्हा काट्यावर. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की माल किती ते कळतं. नुसतं भरलेलं वजन सांगून कुणी पैसे मागितले, तर इथला नवखा पोरगासुद्धा विचारेल, रिकामी पावती कुठाय? डिटेक्टिव्ह कथेचं सगळं शास्त्र या प्रश्नात आहे असं आम्हाला वाटतं. घटना घडण्याआधी ती जागा कशी होती, कोण कुठे होतं, काय कुठे ठेवलेलं होतं, ही रिकामी पावती. घटनेनंतर जे दिसतं ते भरलेलं वजन. चांगला डिटेक्टिव्ह दोन्ही पावत्या मागतो. वाईट डिटेक्टिव्ह भरलेल्या गाडीकडे बोट दाखवून आरडाओरडा करतो.

आता स्टुडिओकडे येऊ.

रहस्यकथेला बंदिस्त जागा लागते. वाडा, बंगला, हॉटेल, आगगाडीचा डबा. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयपासून सुहास शिरवळकरांच्या फिरोज इराणीपर्यंत आपण अशा जागा वाचत आलो. त्या जागांमध्ये वस्तू खऱ्या असतात, आणि माणसं खोटं बोलतात. डिटेक्टिव्ह माणसांवर विश्वास ठेवत नाही, वस्तूंवर ठेवतो. रक्ताचा डाग, फुटलेलं घड्याळ, चिखलातलं पाऊल.

स्टुडिओत ही सगळी मांडणीच उलटी होते. तिथे वस्तूच खोट्या. रक्त मेकअपदादाने कालवलेलं. पाऊस पाइपातून पडतो. भिंतीला मागची बाजू नसते, तिथे नुसते बांबू आणि टेकू. घड्याळात जी वेळ दिसते ती पटकथेतली, मनगटावरची नव्हे. पिस्तुलातून आवाज येतो, गोळी येत नाही. मग डिटेक्टिव्हने विश्वास ठेवायचा तरी कशावर?

आमचं उत्तर साधं आहे, आणि आजचं व्याख्यान त्यावरच उभं आहे. स्टुडिओत खरी असते ती फक्त मेहनत. महाल खोटा असतो, पण तो ठोकणाऱ्या सुताराची मजुरी खरी असते. पाऊस खोटा, पण पाण्याचा टँकर किती वाजता आला ती वेळ खरी. कुणी किती वाजता मेकअपला बसलं, कुणाचा ड्रेस कुणी इस्त्री केला, पिस्तूल कुणी कुणाच्या हातात दिलं, चहा कुणी नेला, पॅकअप कधी झालं, ही सगळी माहिती खरी. आणि ती कुणाकडे असते? नायकाकडे नसते, निर्मात्याकडेही नसते. ती असते स्पॉटदादाकडे, लाइटमनकडे, ड्रेसदादाकडे, हेअरड्रेसरकडे. म्हणून स्टुडिओतल्या रहस्याची परीक्षा एकाच प्रश्नावर करता येते. यात साक्ष कुणाची घेतली?

पहिलं उदाहरण बाहेरचं घेतो, कारण ते या प्रकारातलं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. अमेरिकन मालिका 'कोलंबो'. पीटर फॉकने केलेला तो चुरगळलेल्या रेनकोटातला लेफ्टनंट. या मालिकेत खून सुरुवातीलाच, आपल्या डोळ्यांसमोर होतो. कुणी केला हे आपल्याला माहीत असतं. मजा असते ती कोलंबो तिथपर्यंत कसा पोचतो यात. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये 'फेड इन टू मर्डर' हा भाग आला. खुनी आहे वॉर्ड फाउलर, भूमिका विल्यम शॅटनरची. आणि हा फाउलर कोण? टीव्हीवर डिटेक्टिव्हचं काम करणारा लोकप्रिय नट. म्हणजे बघा, टीव्हीवरचा एक डिटेक्टिव्ह टीव्हीवरच्या दुसऱ्या डिटेक्टिव्हला पकडायला निघालाय.

फाउलरची निर्माती त्याला ब्लॅकमेल करत असते. कोरियाच्या युद्धातून तो पळून आलेला आहे हे तिला माहीत असतं, आणि त्या गुपिताच्या जोरावर ती त्याची अर्धी कमाई खात असते. फाउलर तिला मारतो, आणि दुकानावरच्या दरोड्यात ती मेली असा देखावा उभा करतो. स्वतः घरी मॅच बघत होतो असं दाखवण्यासाठी मॅच व्हिडिओ रेकॉर्डरवर टेप करतो, सोबतच्या माणसाला गुंगीचं औषध देतो आणि घड्याळ मागे घेतो. १९७६ साली घरात व्हिडिओ रेकॉर्डर ही चैन होती, हे लक्षात ठेवा. म्हणजे खुन्याचं हत्यार फक्त पिस्तूल नाही. वेळ कापणं आणि पुन्हा जोडणं, हे एडिटिंग टेबलावरचं तंत्रच त्याचं हत्यार आहे.

आता गंमत पुढेच आहे. फाउलर कोलंबोला तपासात 'मदत' करायला लागतो. आपल्या मालिकेतल्या डिटेक्टिव्हच्या आवाजात, ऐटीत, सिद्धांत मांडतो आणि संशय निर्मातीच्या नवऱ्याकडे वळवतो. त्याचे सिद्धांत दिसायला सुंदर असतात. कोलंबो टाळ्या वाजवल्यासारखं ऐकून घेतो. पण शेवटी गुन्हा उघडकीला कशाने येतो? प्रॉपर्टी विभागातल्या पिस्तुलाने. खून त्याच पिस्तुलाने झाला होता. फाउलरने पिस्तूल पुसून स्वच्छ केलं आणि ते पुन्हा सेटवर वापरायचं म्हणून त्यात फुसकी काडतुसं भरली. पण ती काडतुसं पुसायचं त्याला सुचलं नाही. त्यांवर त्याच्या बोटांचे ठसे.

हा शेवट आम्हाला फार आवडतो. फुसकी काडतुसं भरणं हे नटाचं काम नाही. ते प्रॉपर्टीवाल्याचं काम. आयुष्यभर हातात भरलेलं पिस्तूल आयतं मिळालेल्या माणसाने एकदाच ते काम स्वतः केलं, आणि त्यात सापडला. दुसऱ्याच्या मेहनतीकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याला अडकवलं ते नेमक्या या आंधळेपणाने. कोलंबो मात्र सगळ्यांकडे बघतो, कारण तो स्वतः त्याच वर्गातला माणूस आहे. जुनी गाडी, जुना कोट, घरी बायको, आणि श्रीमंतांच्या घरात उगीच रेंगाळणारा.

त्याच मालिकेत १९७३ चा एक भाग आहे, 'रेक्विएम फॉर अ फॉलिंग स्टार'. ॲन बॅक्स्टरने केलेली उतरणीला लागलेली नटी स्टुडिओच्या आवारातलं आपलं घर काही केल्या विकत नाही. कोलंबोचं लक्ष जातं अंगणातल्या कारंज्याकडे. त्यातून पाणी कधी उडतच नाही. का नाही? कारण ते पाणी उडवण्यासाठी बसवलेलंच नाही. त्याच्याखाली तिचा बेपत्ता नवरा पुरलेला आहे. इथेही तोच धागा. प्लंबरच्या नजरेने कारंज्याकडे पाहिलं की रहस्य उलगडतं. चाहत्याच्या नजरेने पाहिलं तर फक्त एक सुंदर अंगण दिसतं.

आता आपल्याकडे येऊ. इथे मराठी मातीशी जोडलेली एक कथा आहे, जी फार थोड्या लोकांना ठाऊक असते. ब्योमकेश बक्षी आपल्याला कुठे भेटला? दूरदर्शनवर. १९९३ साली बासू चटर्जींनी ती मालिका केली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. बंगाली धोतरातला तो सत्यान्वेषी मराठी घरांनी आपला मानला. पण त्याचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय हे आयुष्याचा मोठा काळ महाराष्ट्रात होते. १९३२ साली त्यांनी ब्योमकेश लिहायला घेतला. १९३८ साली ते मुंबईला आले, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहायला. हिमांशु राय आणि देविका राणींचा तो स्टुडिओ, १९३४ साली उभा राहिलेला. चित्रपटाच्या त्या काळात ब्योमकेश जवळपास पंधरा वर्षं गप्प होता. मग शरदिंदु पुन्हा ब्योमकेशकडे वळले, १९५२ साली सिनेमा सोडून पुण्यात स्थायिक झाले, आणि १९७० पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, तिथेच राहिले.

पुण्यात आल्यावर लवकरच, १९५३ साली, त्यांनी 'चिडियाखाना' ही कादंबरी लिहिली. सत्यजित राय यांनी १९६७ साली तिच्यावर सिनेमा केला, उत्तमकुमारला ब्योमकेश करून. गोष्ट वरवर एका फुलबागेच्या वसाहतीची आहे. समाजाने टाकलेली माणसं तिथे राहतात. पण रहस्याचं मूळ आहे सिनेमात. सुनयना नावाची एक नटी खुनाच्या प्रकरणानंतर नाहीशी झाली आहे, आणि ती या वसाहतीत वेश बदलून राहते आहे असा संशय आहे. तिला ओळखायचं कसं? पडद्यावरचा तिचा चेहरा सगळ्यांनी पाहिलाय. मेकअपच्या खालचा चेहरा कुणी पाहिलेला नाही.

हे सुचायला स्टुडिओत नोकरी केलेला माणूसच हवा. बाहेरच्या लेखकाला वाटतं, नटी म्हणजे सर्वांत ओळखीचा चेहरा. आत काम केलेल्याला माहीत असतं, की नटीचा चेहरा हा रोज सकाळी तयार होणारा माल आहे. त्यामागे तास आहेत, हात आहेत, कारागिरी आहे. मालाडच्या त्या वर्षांत शरदिंदुंनी काय काय पाहिलं असेल याच्या कथा आम्ही रचणार नाही. पण कादंबरी समोर आहे, आणि तिच्या रहस्याचा सांधा मेकअपच्या खोलीत आहे, हे कुणीही वाचून पाहावं.

आता मराठी टीव्ही. १९८० च्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आली. नाव पोलिसांच्या फोन नंबरवरून. दिग्दर्शक बी. पी. सिंग. शिवाजी साटम त्यात होते, तेव्हा ते बँकेतही नोकरी करत होते. गोष्टी मुंबई पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेल्या. पुढे रमेश भाटकरांची 'हॅलो इन्स्पेक्टर' आली. या मालिकांचा पोलीस साधा होता. तो चाळीत शिरायचा, जिन्यात भेटेल त्याला प्रश्न विचारायचा, दूधवाल्याला, गुरख्याला, शेजारच्या काकूंना. पैसा कमी, सेट कमी, म्हणून खऱ्या जागा जास्त. आणि खऱ्या जागांत खरी माणसं आपोआप येतात.

तेच बी. पी. सिंग, तेच साटम, आणि २१ जानेवारी १९९८ रोजी सोनीवर 'सी.आय.डी.' सुरू झाली. ती २०१८ पर्यंत चालली, पंधराशेच्या वर भाग झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. या मालिकेला नावं ठेवणं फार सोपं आहे. दयाने तोडलेले दरवाजे, डॉ. साळुंखेंच्या लॅबमधली रंगीत पाणी भरलेली नळकांडी, एसीपींची हवेत फिरणारी बोटं. या सगळ्यावर विनोद करून झाले. आम्हाला ते विनोद आजच्या कामाचे वाटत नाहीत. वीस वर्षं रात्री जेवताना अख्खं घर एकत्र बसून बघत होतं, हा साधा पराक्रम नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. बी. पी. सिंग हे मूळचे कॅमेरामन. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा अख्खा भाग एका शॉटमध्ये, कुठेही न कापता घेतला, आणि तो गिनीज बुकात गेला. असा शॉट म्हणजे काय, याचा विचार करा. १११ मिनिटं प्रत्येक लाइटमन, प्रत्येक केबल ओढणारा पोरगा, प्रत्येक दार उघडणारा हात सेकंदाला धरून चालला पाहिजे. एक जण चुकला की सगळं पहिल्यापासून. म्हणजे या माणसाला स्टुडिओतली मेहनत तळहातासारखी माहीत. आणि तरी त्याच मालिकेत जेव्हा गोष्ट शूटिंगच्या सेटवर जाते, तेव्हा ही मेहनत गोष्टीतून गायब होते. उरते ती हिरॉइन, तिचा जळका प्रियकर, कर्जात बुडालेला निर्माता, आणि खोट्याच्या जागी आलेलं खरं पिस्तूल. स्पॉटबॉय येतो तो दोनच कामांना. एक, प्रेत पाहून किंचाळायला. दोन, पाचेक मिनिटं खोटा संशयित म्हणून घाबरायला. त्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तू सकाळी सहापासून इथे आहेस, तू काय पाहिलंस?

सांगायचं एवढंच, की तो संशयित म्हणून चालतो, साक्षीदार म्हणून चालत नाही. हा फरक आपल्यापैकी अनेकांना टीव्हीशिवायही माहीत आहे. सोसायटीत चोरी झाली की पहिला कुणाला बोलावतात? वॉचमनला आणि धुणीभांडी करणाऱ्या ताईंना. माहिती विचारायला नाही, झडती घ्यायला. रहस्यमालिका ही सवय एकतर पक्की करते, नाहीतर मोडते. मधला रस्ता नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय मोठं? करमणूक आहे, जेवताना बघायची आणि विसरायची. हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. पण त्याचं उत्तर आपण सगळ्यांनी २०२० साली पाहिलं आहे.

त्या वर्षी जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत हा अभिनेता गेला. लॉकडाउन होता, माणसं घरात होती, टीव्ही दिवसभर चालू होता. आणि टीव्हीवर एक नवीन डिटेक्टिव्ह मालिका सुरू झाली. तिचा सेट होता बातम्यांचा स्टुडिओ. तोही स्टुडिओच ना? तिथेही लाइट असतात, मेकअप असतो, मागची भिंत खोटी असते. अँकर डिटेक्टिव्ह झाले. खुनाचा सिद्धांत रोज रात्री नवा. संशयित आधी ठरले आणि पुरावा नंतर शोधायला निघाला. एक अभिनेत्री जवळजवळ महिनाभर तुरुंगात राहिली. घरी जेवण पोचवायला आलेल्या माणसामागेसुद्धा कॅमेरे धावले, आणि बिचाऱ्याला विचारायचं काय हेही विचारणाऱ्याला माहीत नव्हतं.

पुढे काय झालं? ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांच्या मंडळाने खुनाची शक्यता नाकारली. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला, की अशा माध्यम-खटल्याने तपासात आणि न्यायदानात अडथळा येतो. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. पण त्या रात्रींना किती प्रेक्षक होते, आणि या निकालाच्या दिवशी किती होते, याचा हिशोब ज्याचा त्याने मनाशी करावा.

आम्हाला इथे वॉर्ड फाउलर आठवतो. डिटेक्टिव्हची नक्कल करणारा नट, सुंदर सिद्धांत मांडणारा, लाइटखाली शोभून दिसणारा. ते चॅनेल आणि तो नट यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. फरक इतकाच, की त्याच्यासमोर कोलंबो बसला होता, आणि आपल्या घरात त्या रात्री कोलंबो नव्हता. वजनकाट्याच्या भाषेत सांगायचं तर रोज रात्री भरलेली गाडी दाखवली गेली, आणि रिकामी पावती कुणी मागितली नाही. वीस-पंचवीस वर्षं आपण टीव्हीवर तपास बघत होतो. त्या तपासांनी आपल्याला पावती मागायची सवय लावली असती, तर आपण इतके सहज फसलो नसतो असं आम्हाला वाटतं. म्हणून ही नुसती करमणूक नाही. विचार करायची सवय घडते ती अशाच ठिकाणी.

आता दुसरी बाजू. खऱ्या स्टुडिओत माणसं कशाने मरतात, कशाने उद्ध्वस्त होतात? खुनाने क्वचितच. चेन्नईजवळ फेब्रुवारी २०२० मध्ये 'इंडियन २' या सिनेमाच्या सेटवर क्रेन कोसळून तीन जण गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत 'रस्ट' सिनेमाच्या सेटवर पिस्तुलात खरी गोळी निघाली आणि हलिना हचिन्स ही कॅमेरावुमन गेली. जणू रहस्यमालिकेतलाच प्रसंग. पण तिथे कुणी कट रचलेला नव्हता. त्याच सकाळी कॅमेऱ्याच्या टीममधले काही कामगार सुरक्षितता आणि कामाच्या परिस्थितीबद्दल तक्रार करून सेट सोडून गेले होते. पुढे शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला निष्काळजीपणासाठी शिक्षा झाली. साक्ष आदल्या दिवसापासून समोर होती. ऐकणारा नव्हता.

आपल्या जवळचं बघू. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ, १९४८ सालचा. १६ सप्टेंबर २०१७ रोजी टीव्हीच्या एका कार्यक्रमाच्या सेटला आग लागली, जुने कपडे, दागिने, आठवणी जळाल्या. माणसं वाचली. दोन वर्षांत ती जागा बांधकाम कंपनीकडे गेली. आणि इथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौकपर्यंत गेलं की एन. डी. स्टुडिओ. नितीन देसाईंनी उभारलेला. 'जोधा अकबर'चे महाल तिथलेच, आणि मराठी घरांत पोचलेली 'राजा शिवछत्रपती' ही मालिका त्यांचीच निर्मिती. २ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी त्याच आवारात आयुष्य संपवलं. कर्ज आणि दिवाळखोरीची कारवाई मागे लागलेली होती. आम्ही इथे त्याचं रहस्य करणार नाही. करू नये. फक्त इतकंच म्हणतो, की इथल्या माणसांना कर्ज, व्याज, थकलेली बिलं यांचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. असं दुःख एका खुन्याच्या नावाने संपत नाही.

इथे रहस्यकथेची खरी अडचण आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. रहस्यकथेला एक गुन्हेगार लागतो. शेवटच्या पाच मिनिटांत एका माणसाकडे बोट दाखवावं लागतं. पण स्टुडिओतलं नुकसान बहुतेक वेळा पद्धतीने होतं. बारा-चौदा तासांच्या शिफ्टने, स्वस्तातल्या वायरिंगने, उधारीवर उभ्या राहिलेल्या महालाने. पद्धतीला बेड्या घालता येत नाहीत. मग रहस्यमालिकेने काय करावं? हा प्रकारच सोडून द्यावा?

आमचं म्हणणं, सोडू नये. कारण चांगली रहस्यकथा बोट जरी एकाकडे दाखवत असली, तरी तिथपर्यंत जाताना ती आपल्याला अख्खी जागा फिरवून आणते. कोलंबोच्या भागात खुनी फाउलर आहे, पण बघता बघता आपल्याला कळतं की त्या स्टुडिओत कोण कुणाची कमाई खातं, प्रॉपर्टीचं कपाट कुणाच्या ताब्यात असतं, नटाच्या बुटात उंची वाढवायला काय घातलेलं असतं. 'चिडियाखाना'त गुन्हेगार सापडतात, पण लक्षात राहते ती चेहरा तयार करण्याची कारागिरी, आणि समाजाने टाकलेली ती माणसं. उत्तर एका वाक्याचं असतं. चौकशी मात्र पूर्ण जागेची असते. आणि प्रेक्षक घरी घेऊन जातो ती चौकशी.

म्हणून मराठीत कुणी अशी मालिका लिहायला बसलं असेल, आणि अशी माणसं ऐकत असतील अशी आमची आशा आहे, तर त्यांना आमची विनंती आहे. स्टुडिओ तुमच्या हाताशी आहे. तुम्ही रोज तिथेच असता. गोरेगावच्या चित्रनगरीत, मढमधल्या बंगल्यांत, कोल्हापुरात, साताऱ्याकडच्या वाड्यांत. परदेशी मालिकेची नक्कल करायची गरज नाही. सकाळी कॉलटाइमच्या आधी येऊन सगळ्यांचा चहा ठेवणाऱ्या माणसाला तपासाच्या मध्यभागी आणा. त्याला शहाणा, चतुर, सगळं जाणणारा 'गरीब पण हुशार' असा बनवू नका, तोही एक साचाच आहे. त्याला फक्त त्याचं काम करू द्या, आणि डिटेक्टिव्हला ते काम समजून घ्यायला लावा. कंटिन्युइटीच्या वहीत कालच्या सीनला कप टेबलाच्या डावीकडे होता आणि आज उजवीकडे आहे, एवढ्यावरही एक अख्खा भाग उभा राहू शकतो. ती वही म्हणजे स्टुडिओची रिकामी पावतीच आहे.

व्याख्यानानंतर एक प्रश्न आला, तो आणि आमचं उत्तर इथे देतो, कारण त्याने विषय पुढे जातो.

प्रश्न असा होता: "सर, आम्ही ट्रान्सपोर्टवाले. आमच्यावर सिनेमा झाला तरी ड्रायव्हर दारू पिऊनच दाखवतात. मालिकेत आमची साक्ष घेतली, तर लोक विश्वास ठेवतील का?"

आम्ही म्हणालो, लगेच ठेवणार नाहीत. प्रेक्षकाचा विश्वास हीसुद्धा सवय आहे, आणि सवय एका भागात बदलत नाही. पण कथेत एक सोय असते जी बाहेर नसते. कथा साक्षीदाराला खरं ठरवून दाखवू शकते. ड्रायव्हर म्हणाला गाडी अडीचला गेटवर होती, टोलच्या पावतीनेही अडीचच सांगितले, आणि बंगल्यातले साहेब खोटे पडले. असं दहा मालिकांत दहा वेळा झालं, तर अकराव्या वेळी सोसायटीत चोरी झाल्यावर कुणीतरी वॉचमनला झडतीच्या आधी विचारेल, रात्री कोण आलं होतं रे? यापेक्षा जास्त टीव्हीकडून मागू नये. पण एवढं मागायचा हक्क आपल्याला आहे, कारण रोज रात्री एक तास आपण त्याला देतो.

ट्रान्सपोर्टवाले दादा हसून म्हणाले, "मग पावती मागायची." हो, दादा. मागायची.